गाळाचा साबण

अकरा वर्षं साबणाच्या दिवशी
मला या अंगणात यायची बंदी होती.
परक्या डोळ्याची दृष्ट लागते, कालिरोई म्हणायची,
साबण फाटतो, तेल वर, पाणी खाली,
मग काय डोंबल धुणार?
परकी म्हणजे मी. पर्मेतची मिमोझा,
क्रीटमध्ये ऑलिव्ह वेचायला एका हिवाळ्यापुरती आलेली
आणि तिच्या सिफिसशी लग्न करून राहिलेली.

मी भिंतीआडून नुसता वास घ्यायचे.
माझी आई डुकराची चरबी राखेच्या पाण्यात शिजवायची,
तो वास ओला, केसांत आठवडाभर राहणारा.
इथला कोरडा. नाकात आधी टोचायचा, मग कळायचा.

या फेब्रुवारीत ती शेळ्यांच्या पायरीवरून घसरली.
उजवं मनगट प्लॅस्टरमध्ये.
तीन दिवस कोणाशी बोलली नाही.
चौथ्या दिवशी दारात येऊन म्हणाली,
जुने कपडे घाल. लांब बाह्यांचे.

तळघरात एक रांजण आहे, त्यात मानुसोसचं शेवटचं तेल.
तो गेला त्या हिवाळ्यातलं.
तीन वर्षं कोणी खाल्लं नाही, कोणी ओतून दिलं नाही.
वर खवट, तळाशी बोटभर काळा गाळ.
झाकण काढल्यावर ती वाकली, हुंगलं,
आणि म्हणाली, उपस.
सतरा किलो भरलं.
काट्यावरचा आकडा मला दोनदा वाचायला लावला.

सोडा पाण्यात घालायचा,
पाणी सोड्यात कधी नाही, नाहीतर तोंड भाजेल.
अकरा वर्षं मला पाण्यात पाहणारी बाई
हे सांगता सांगता माझ्या बाहीचं बटण लावत होती,
डाव्या हाताने. लागत नव्हतं.

बादली आपोआप तापली, खाली विस्तव नसताना.
वाफ उठली तशी तिने मला खांद्याला धरून
वाऱ्याच्या बाजूला ओढलं.
मग अंडं सोडलं. तरंगलं.
नाण्याएवढी टाळू पाण्यावर उघडी राहिली.
पुरे, ती म्हणाली.

ढवळायचं एकाच दिशेने.
ती पालथ्या क्रेटवर बसून माझ्या हातावर नजर ठेवून.
तासाभराने दंड भरून आले, कढईतलं काळं
हळूहळू ओल्या मातीसारखं झालं,
मग कच्च्या बदामासारखं.
मानुसोस म्हणायचा, साबण म्हणजे तेलाला शिक्षा,
ती अचानक म्हणाली.
मी गप्प. काय बोलायचं असतं?
हे तेल काही चांगलं नव्हतंच, ती म्हणाली.
त्या वर्षी त्याने तोडणी उशिरा केली.
मी सांगत होते.

काठी उचलली. थेंबांची रेघ कढईवर पडली
आणि तशीच राहिली.
पाण्यावरच्या रेघेवर कोणी भरवसा ठेवत नाही,
ही मात्र बुडेना.
कालिरोई उठली, जवळ आली,
तीनदा हलकंसं थुंकली, फ्तू फ्तू फ्तू,
दृष्ट काढायला.
साबणावर की माझ्यावर, मला कळलं नाही.

लाकडी चौकटीत जुनी चादर अंथरून ओतला.
दुसऱ्या दिवशी तारेने कापला, वाकडाच.
सिफिस म्हणाला, ह्या विटा कोणाच्या?
कोणी उत्तर दिलं नाही.

आता गच्चीवर फळ्यांवर वड्या वाळतायत,
एकमेकींना न चिकटता.
रोज संध्याकाळी ती काठी टेकत वर येते,
एका कोपऱ्यावर नख मारते,
कपचा जिभेला लावते, डोळे मिटते.
अजून चावतोय, म्हणते.
आणि उरलेला कपचा, स्वतःच्या थुंकीने ओला,
माझ्यापुढे धरते.
बघ.